पंधराशे रुपयांत छापून देतात, मॅडम

गेल्या आठवड्यात तिसरा तास संपवून मी स्टाफरूममध्ये टेकले, तोच आमच्या डिपार्टमेंटची, तासिका तत्त्वावर शिकवणारी मुलगी मोबाईल पुढे करून उभी. "मॅडम, पंधराशे रुपयांत छापून देतात. आयएसएसएन आहे, सर्टिफिकेटपण देतात. टाकू का माझा रिसर्च पेपर?"

तिला म्हटलं, बस आधी. 2013 साली मी ह्याच कामाला अडीच हजार मोजले होते. एवढ्या वर्षांत नारळापासून रिक्षापर्यंत सगळं महागलं, हा एकच माल स्वस्त झालाय.

तेव्हा माझी स्थाननिश्चितीची, म्हणजे बढतीची फाईल अडली होती. एपीआयचे (पेपर, अध्यापन वगैरेंचे मिळतात ते) गुण कमी पडत होते आणि नेमकी त्याच वेळी 'रिस्पेक्टेड प्रोफेसर' अशी सुरुवात असलेली मेल आली. मी तेव्हा प्रोफेसर नव्हते, पण वाचायला बरं वाटलं. शुक्रवारी रात्री पेपर पाठवला, रविवारी सकाळी स्वीकारल्याचं पत्र. सोमवारी पैसे भरले, गुरुवारी पीडीएफ आली, सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र आलं, मी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. पुढच्या महिन्यात माझ्या गाईड सरांना भेटायला गेले तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "रिव्ह्यूअर काय म्हणाले?" मी म्हटलं, "काहीच नाही सर, आवडला त्यांना." रिव्ह्यूअर म्हणजे छापण्याआधी पेपर तपासणारे त्याच विषयातले जाणकार. सर काही बोलले नाहीत, चहा ओतत राहिले. त्या पेपरात आकृती 2 चा उल्लेख तीनदा आहे आणि आकृती 2 छापलेलीच नाही. हे सांगणारं पत्र मला आजवर एकाही वाचकाकडून आलेलं नाही. त्या नियतकालिकाच्या पत्त्यावर आता बुटांची जाहिरात उघडते.

तिला त्या दिवशी तुकड्यातुकड्यांनी जे सांगितलं ते इथे सलग लिहितेय. मी वनस्पतिशास्त्राची, कोकणातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात. उदाहरणं कातळसड्यावरची, म्हणजे इथल्या उघड्या खडकाळ पठारांवरची येतील. इतिहास-मराठीवाल्यांनी आपापली घालून वाचावं.

खोटं कसं ओळखायचं

आयएसएसएन हा आठ आकडी नोंदणी क्रमांक आहे, गाडीच्या नंबरप्लेटसारखा. नंबर आहे म्हणजे गाडीला ब्रेक आहेत, असं होत नाही. दर्जाशी त्याचा काही संबंध नाही. 'इम्पॅक्ट फॅक्टर' म्हणून लोक ज्याचा हवाला देतात तो आकडा, म्हणजे नियतकालिकातल्या लेखांचा इतरांनी सरासरी किती वेळा संदर्भ दिला तो, क्लॅरिव्हेट ही कंपनी दरवर्षी काढते. त्याच्या पुढेमागे एखादं भारदस्त विशेषण चिकटवलेला दुसरा कुठलाही आकडा दिसला, तर ते पान तिथेच बंद करा. मानाचं पान म्हणून संपादक मंडळात पाच देशांचे प्राध्यापक दिसतात. त्यातल्या दोघांची त्यांच्या विद्यापीठाच्या साईटवरची पानं उघडा. खरे संपादक ते काम स्वतःच्या पानावर अभिमानाने लिहितात. तिथे नाव नसेल, तर त्या माणसाला आपण संपादक असल्याचं बहुधा माहीतही नसतं.

ह्याहून सोपी परीक्षा म्हणजे मागचा एखादा अंक उघडून अनुक्रमणिका वाचणे. एकाच अंकात दीडशे लेख, त्यात संत साहित्यातील स्त्री, जीएसटीचे परिणाम आणि नॅनोकण शेजारी शेजारी बसलेले असतील, तर तो बाजार आहे. शिवाय पाच लेख खरोखर वाचा. मी 2013 साली एकही वाचला नव्हता.

त्याच वर्षी जॉन बोहॅनन नावाच्या पत्रकाराने 'सायन्स' साप्ताहिकासाठी एक गंमत केली होती. दगडफुलातला एक रेणू कर्करोगाच्या पेशींची वाढ थांबवतो, असा बनावट पेपर त्याने लिहिला. दगडफूल म्हणजे तेच, आपल्या गोड्या मसाल्यातलं. पेपरात शाळकरी पोराला दिसाव्यात अशा चुका मुद्दाम पेरल्या आणि तो 304 खुल्या नियतकालिकांना पाठवला. 157 जणांनी स्वीकारला. त्यात भारतातून चालणारी बरीच होती. ते वाचल्यावर मला माझ्या रविवारच्या पत्राचा उलगडा झाला.

आणखी एक प्रकार सांभाळा. पानिपतानंतर भाऊंचा तोतया निघाला, तसे चांगल्या जुन्या नियतकालिकांचेही तोतये निघतात. नाव तेच, आयएसएसएन तोच, मुखपृष्ठही तेच. फक्त वेबसाईट दुसऱ्याच कुणाची, आणि पैसे घेणारा खातेदारही दुसराच. म्हणून गुगलवर पहिली आलेली लिंक उघडू नये. आयएसएसएनचं आंतरराष्ट्रीय पोर्टल, खुल्या नियतकालिकांची डीओएजे ही सूची, स्कोपस ह्या शोधलेखांच्या डेटाबेसची स्रोतयादी, ह्या तिन्ही ठिकाणी फुकट बघता येतं. स्कोपसच्या बाबतीत, पूर्वी यादीत होतं आणि नंतर काढून टाकलं, असाही प्रकार असतो. 'स्कोपसवाला' म्हणून विकणारे नेमकं तेवढं सांगायचं विसरतात.

यादीचं काय, हा प्रश्न हमखास येतो. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, जानेवारी 2017 मध्ये मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी काढली. मे 2018 मध्ये त्यातली 4,305 नियतकालिकं एका फटक्यात वगळली. कित्येकांच्या फायली रातोरात हलक्या झाल्या. मग 2019 पासून 'केअर' यादी आली, तिचं काम पुण्याच्या विद्यापीठातून चालायचं. फेब्रुवारी 2025 मध्ये यूजीसीने तीही बंद केली. आता नियतकालिक कसं पारखावं ह्याच्या सूचना आहेत, आणि पारखायचं आपण आणि आपल्या संस्थेने. स्टाफरूममध्ये ह्यावर पुष्कळ चडफडाट झाला. मला विचाराल तर बरं झालं. यादी होती तेव्हा आम्ही यादी वाचायचो, नियतकालिक नाही.

आणखी एक गोष्ट पुष्कळ विद्यार्थ्यांना अजून कुणी सांगितलेली नाही. प्रबंध सादर करण्याआधी पेपर छापलाच पाहिजे ही अट यूजीसीने 2022 च्या पीएचडी नियमांतून काढली. विद्यापीठाचा स्वतःचा नियम काय आहे ते बघा, पण 'मार्चच्या आत दोन पेपर' ह्या धास्तीने बाजारात धावू नका.

पैशाबद्दल

पैसे घेणारं प्रत्येक नियतकालिक लबाड नसतं. वाचकाला फुकट देणारी पुष्कळ चांगली नियतकालिकं लेखकाकडून पैसे घेतात. फक्त ते आधी वेबसाईटवर लिहिलेलं असतं आणि लेख तपासून स्वीकारल्यावरच मागतात. वर्गणीवर चालणारी बहुतेक नियतकालिकं लेखकाकडून काही घेत नाहीत. इथे एक खड्डा आहे, माझी मैत्रीण त्यात पडता पडता वाचली. लेख स्वीकारल्यावर मोठ्या प्रकाशकाकडून एक फॉर्म येतो. त्यात लेख सगळ्यांना खुला करायचा की वर्गणीदारांपुरता ठेवायचा, असं विचारतात. 'खुला' हा शब्द छान वाटतो म्हणून बाईंनी तिथे टिचकी मारली आणि लाखाच्या वरचं बिल समोर आलं. रात्री साडेअकराला मला फोन. दुसऱ्या दिवशी संपादकांना नम्र मेल केली, त्यांनी फॉर्म पुन्हा उघडून दिला. तो फॉर्म झोपेत भरू नका.

वाचायला पैसे नसतात, हे दुखणं वेगळं. 1 जानेवारी 2025 पासून केंद्र सरकारच्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेत सरकारी उच्च शिक्षण संस्थांना 30 प्रकाशकांची सुमारे 13,000 नियतकालिकं मिळतात. आपली संस्था त्यात बसते का, ते ग्रंथपालांना विचारा. बसत नसेल तर लेखकाला सरळ मेल करा. मी आजवर कितीतरी जणांकडे पीडीएफ मागितली. बहुतेकांनी दिली, आणि एका ऑस्ट्रेलियन आजोबांनी सोबत स्वतःची जुनी टिपणंही पाठवली.

आधी वाचक, मग पेपर

माझा विषय कातळावरची पावसाळी डबकी. मिरगाचा पाऊस पडला की सड्यावरच्या खोलगट जागा भरतात, त्यात गेंद, सीतेची आसवं अशी चिमुकली रोपं उगवतात आणि दसऱ्याच्या सुमारास सगळं आटून पुन्हा काळा कातळ उरतो. डबक्यात पाणी जास्त दिवस टिकलं तर तिथे उगवणारी मंडळी बदलते का, एवढाच माझा प्रश्न होता. तीन सड्यांवरची 42 डबकी, तीन पावसाळे. छत्री, फूटपट्टी आणि एक मीटरची लाकडी चौकट. तिसऱ्या वर्षी दोन डबकी चिरेखाणीत गेली.

हे लिहून मी एका चांगल्या परदेशी नियतकालिकाला पाठवलं. सहाव्या दिवशी परत. रिव्ह्यूअरकडे गेलंच नाही, संपादकांनी टेबलावरूनच परत केलं. कारण एक ओळीचं: विषय स्थानिक स्वरूपाचा वाटतो. मला राग आला. त्यांच्या गावचं ते जागतिक आणि आमच्या गावचं ते स्थानिक, असं मी दोन दिवस घरात बडबडत होते. तिसऱ्या दिवशी माझंच पहिलं वाक्य परत वाचलं: 'रत्नागिरी जिल्हा महाराष्ट्राच्या पश्चिम किनाऱ्यावर वसलेला असून...' शाळेतल्या भूगोलाच्या पुस्तकासारखं. मुळात खडकावरच्या डबक्यांचा अभ्यास पश्चिम आफ्रिकेत होतो, ब्राझीलमध्ये होतो, पश्चिम ऑस्ट्रेलियात होतो. त्या लोकांना माझ्या 42 डबक्यांतून काही मिळणार होतं, पण मी त्यांच्याशी बोलतच नव्हते. दुसऱ्या खेपेला पहिलं वाक्य असं झालं: 'पाऊस थांबला की आटणाऱ्या डबक्यांत कोणती वनस्पती टिकेल हे पाणी किती दिवस राहतं त्यावर ठरतं, असं मानलं जातं, पण हे मोसमी पावसाच्या प्रदेशात फारसं तपासलेलं नाही.' रत्नागिरी दुसऱ्या परिच्छेदात गेली. तिचा मान काही कमी झाला नाही.

तेव्हा आधी वाचक ठरवा, मग नियतकालिक, मग लिहा. नियतकालिक शोधायची माझी रीत अशी. तुम्ही ज्यांचे लेख वाचून काम केलंत त्या संदर्भांची यादी घ्या आणि नियतकालिकांच्या नावांपुढे काड्या मारा. ज्यापुढे सगळ्यात जास्त काड्या, तिथले वाचक तुमचे. त्याचे शेवटच्या दोन वर्षांतले दहा लेख वाचा. तुमच्याइतक्या आकाराचं काम ते छापतात का, की सगळ्यांकडे उपग्रह आणि जनुकं आहेत? एका नव्या जागी सापडलेल्या वनस्पतीची नोंद असेल तर तिचं घर वेगळं, आणि पर्यावरणाच्या प्रश्नाचं उत्तर असेल तर त्याचं वेगळं. पहिल्या प्रकाराला आपल्याकडे चांगली जागा आहे: कालिकतहून निघणारं 'ऱ्हीडिया', कोइम्बतूरचं 'जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा', बीएनएचएसचं (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचं) 1886 पासून चालू असलेलं जर्नल. बंगळूरचं 'करंट सायन्स' 1932 पासून सगळ्या विज्ञानशाखांचं घेतं. समाजशास्त्रवाल्यांना मुंबईचं 'ईपीडब्ल्यू' (इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली) सांगायला नको. मराठीत लिहिणाऱ्यांसाठी 'भाषा आणि जीवन' आहे, भारत इतिहास संशोधक मंडळाचं त्रैमासिक आहे. मराठीत लिहिलेला शोधनिबंध कमी प्रतीचा, ही समजूत ज्यांची असेल त्यांनी मंडळाचे जुने अंक काढून बघावेत.

आणि एका वेळी एकाच ठिकाणी. दोन ठिकाणी एकदम पाठवणं म्हणजे दोन घरी सुपारी फोडण्यासारखं आहे. कळतंच, आणि कळलं की दोन्ही दारं बंद होतात.

लिहिताना

पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत सरळ लिहीत गेलात तर प्रस्तावनेतच पावसाळा संपेल. मी आधी तक्ते आणि आलेख करते. कोऱ्या पुरवण्यांवर ते मांडून, ह्यातून काय दिसतं, एवढंच प्रत्येकाखाली एक वाक्य लिहिते. मग पद्धत, कारण ती आपल्याला पाठ असते. मग निष्कर्ष, मग चर्चा. प्रस्तावना त्यानंतर, आणि सारांश सगळ्यात शेवटी. शीर्षकात 'एक अभ्यास' हे शब्द असतील तर खोडा. अभ्यास केलाय हे गृहीत आहे.

इंग्रजीची भीती आम्हा मराठी माध्यमवाल्यांना आयुष्यभर पुरते. माझा उपाय असा की चर्चेचा भाग मी मराठीत लिहिते. वाक्य मराठीत स्वच्छ झालं नाही म्हणजे मुद्दाच मला कळलेला नसतो, त्यात इंग्रजीचा काही दोष नाही. नंतर छोट्या छोट्या वाक्यांत इंग्रजी करते. हल्ली मुलं चॅटजीपीटीकडून करून घेतात. भाषा सुधारायला वापरलंत तर नियतकालिकाच्या नियमाप्रमाणे तसं लिहा. त्याला लेखक म्हणून घालता येत नाही, हे कोप ह्या प्रकाशन-नीतीच्या संस्थेने 2023 मध्येच सांगितलंय. संदर्भ मात्र त्याच्याकडून कधीच घेऊ नका. एका विद्यार्थ्याने दिलेल्या यादीत एक लेख माझ्याच नावावर होता, जो मी लिहिलेला नाही. शीर्षक इतकं चांगलं होतं की लिहायला हवा होता असं वाटलं.

साम्याची टक्केवारी, म्हणजे आपला मजकूर आधी छापलेल्या मजकुराशी किती जुळतो तो आकडा, हा दुसरा बागुलबुवा. यूजीसीच्या 2018 च्या नियमांत 10 टक्क्यांपर्यंत साम्याला शिक्षा नाही, त्यापुढे 40 आणि 60 टक्क्यांच्या पायऱ्या आहेत. पण आकडा नऊ आला म्हणून कुणी निर्दोष होत नाही. दुसऱ्याचा एक परिच्छेद जसाच्या तसा उचलला आणि बाकी सगळं स्वतःचं लिहिलं, तरी आकडा लहानच येतो आणि चोरी चोरीच राहते. उलट, तुमचा प्रबंध शोधगंगेवर (प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात) असेल तर त्यातूनच केलेल्या पेपराचा आकडा चाळीसवर जाऊ शकतो. घाबरू नका, संपादकांना पहिल्याच पत्रात सांगा की हा लेख माझ्या प्रबंधातून केला आहे.

वनस्पतींचं काम करणाऱ्यांसाठी खास: वाळवलेले नमुने मान्यताप्राप्त हर्बेरियममध्ये (असे नमुने जपणाऱ्या संग्रहात) जमा करून क्रमांक घ्या आणि तो पेपरात लिहा. मुंबईच्या सेंट झेवियर्समधलं ब्लॅटर हर्बेरियम, पुण्यातलं भारतीय वनस्पती सर्वेक्षण आणि आघारकर संस्था, कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ, एवढे पर्याय आपल्या हाताशी आहेत. मी माझे कॉलेजच्या कपाटात ठेवले होते. अर्धे कसरीने खाल्ले.

नाव कुणाचं, कुठलं

हा नाजूक भाग, पण पेपरापेक्षा भांडणं जास्त इथेच होतात. लेखक म्हणून नाव लावायला वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने चार अटी घातल्यात: कामात खरा वाटा, लिहिण्यात वा तपासण्यात वाटा, शेवटच्या मसुद्याला संमती, आणि उद्या कुणी बोट ठेवलं तर उत्तर द्यायची तयारी. चारही हव्यात. प्राचार्यांचं नाव, एचओडींचं नाव, 'त्यांना बरं वाटेल' म्हणून घातलेलं नाव, ह्यातल्या एकाही अटीत बसत नाही. मी एकदा घातलंय. सांगायला लाज वाटते, पण घातलंय. आता मी ऋणनिर्देशात ठसठशीत आभार मानते. बहुतेकांना तेवढं पुरतं. लेखकांचा क्रम काम सुरू करतानाच ठरवा आणि मेलवर लिहून ठेवा. चहाच्या टपरीवर ठरलेलं कुणाला आठवत नाही.

बायकांचा एक प्रश्न पुरुष सहकाऱ्यांना सुचतही नाही. माझा पहिला पेपर माहेरच्या नावावर, दुसरा सासरच्या, तिसऱ्यात कारकुनाने मधलं नाव आडनावाच्या जागी टाकलं. गुगल स्कॉलरच्या हिशेबाने आम्ही तिघी वेगवेगळ्या बायका आहोत. ह्यावर ऑर्किड (ORCID) नावाचा, प्रत्येक संशोधकाचा स्वतःचा सोळा आकडी क्रमांक आहे, फुकट मिळतो. नाव ऐकून मला आधी झाडावरचं फूलच आठवलं. नाव बदललं तरी क्रमांक बदलत नाही. पहिला पेपर पाठवण्याआधी तो काढा आणि लग्नाआधी ठरवा की पेपरावर कुठलं नाव जन्मभर चालवायचं. आमच्या डिपार्टमेंटच्या ह्या मुलीचं लग्न वैशाखात आहे. तिला हे त्याच दिवशी सांगितलं, तेव्हा ती पहिल्यांदाच मोबाईल खाली ठेवून नीट बसली.

पाठवणं आणि वाट बघणं

पत्र अर्ध्या पानाचं पुरे: प्रश्न काय, सापडलं काय, तुमच्याच वाचकांना ते का हवं, दुसरीकडे पाठवलेलं नाही. रिव्ह्यूअरची नावं सुचवायला सांगतात. आपल्या गाईडचं, सहलेखकाचं किंवा मैत्रिणीचं नाव देऊ नका. ज्यांचे लेख संदर्भात आहेत अशी, ओळख नसलेली माणसं द्या. मेलचा पत्ता त्यांच्या संस्थेच्या पानावरून घ्या. अर्ज भरताना वीज जाईल हे आमच्याकडे आषाढात धरूनच चालायचं, म्हणून सगळं आधी एका फोल्डरमध्ये.

मग शांतता. तीन महिने काही कळलं नाही तर एक सभ्य मेल करावी. त्याआधी करू नये. माझ्या पेपराला पाच महिने लागले. त्या काळात रोज लॉग इन करून 'अंडर रिव्ह्यू' बघायचे, जसं काही रात्रीत कुणी येऊन बदलणार होतं.

रिव्ह्यूअरशी बोलणं

उत्तर आलं: मोठी दुरुस्ती. दोन रिव्ह्यूअर. पहिल्याने दीड पान, गोड. दुसऱ्याने चार पानं, आणि पहिलंच वाक्य असं की लेखकाकडे 42 नमुने नाहीत, तीन आहेत.

मी लॅपटॉप बंद केला. रात्रभर तेच वाक्य. 42 डबकी मी पायांनी मोजली होती, जळवा काढत. दोन दिवसांनी पुन्हा उघडलं आणि त्याने सांगितलेला स्टुअर्ट हर्लबर्ट ह्या पर्यावरणशास्त्रज्ञाचा 1984 चा लेख वाचला. मग समजलं. शितावरून भाताची परीक्षा आपण करतो, पण एकाच पातेल्यातली चौदा शितं दाबून चौदा पातेली शिजली असं म्हणता येत नाही. एका सड्यावरची डबकी एकमेकांची शेजारीण असतात. माती तीच, पाऊस तोच, बीही एकीतून दुसरीत वाहत जातं. मी तीन पातेल्यांची 42 शितं तपासली होती आणि 42 पातेल्यांचा निकाल लावला होता. माणूस शंभर टक्के बरोबर होता.

पुढच्या पावसाळ्यात आणखी पाच सडे घेतले. प्रत्येकावर थोडीच डबकी. आकडेमोड नव्याने शिकले. 'आर' हे सॉफ्टवेअर फुकट आहे. सडा हा गट धरून करायचं मिक्स्ड मॉडेल (एका गटातले नमुने एकमेकांसारखे असतात हे हिशेबात धरणारी सांख्यिकी पद्धत) मला एका सांख्यिकीच्या सरांनी वडापाववर शिकवलं. निकाल थोडा सौम्य झाला, पण टिकला.

उत्तर लिहायची रीत अशी. रिव्ह्यूअरचा प्रत्येक मुद्दा, अगदी स्वल्पविरामाचासुद्धा, जसाच्या तसा उतरवा. त्याखाली आपलं उत्तर. त्याखाली, बदल कुठल्या पानावर, कुठल्या ओळीत केला, ते. माझ्या यादीत 37 मुद्दे होते. 'सूचनेनुसार दुरुस्ती केली' एवढंच लिहू नका, काय केलं ते लिहा. पटलं नाही तर पटलं नाही म्हणा, पण आधाराने. एक मुद्दा मी नाकारला. त्याचं म्हणणं, पाण्याचं तापमान दर तासाला मोजायला हवं होतं. मी लिहिलं की उपकरण नव्हतं, ही मर्यादा मान्य आहे आणि ती चर्चेत अमुक ओळीत नोंदवली आहे. चाललं. रिव्ह्यूअरने चुकीचं वाचलं असेल तर बहुतेक वेळा आपण धड लिहिलेलं नसतं. 'आपला गैरसमज झाला आहे' असं न लिहिता वाक्य सुधारून द्या.

पहिल्या दिवशी उत्तर लिहू नका. राग पुरवणीवर काढा, ती फाडा, आणि परवा बसा.

नकार आला तर? जीवरसायनशास्त्रज्ञ हान्स क्रेब्ज ह्यांनी 1937 साली सायट्रिक ॲसिड चक्राबद्दलचं (पेशी अन्नातून ऊर्जा कशी काढते त्याबद्दलचं) टिपण 'नेचर'ला पाठवलं. संपादकांनी कळवलं की सात-आठ आठवडे पुरतील इतकी पत्रं हातात आहेत, आत्ता घेता येत नाही. त्यांनी ते दुसरीकडे छापलं. 1953 साली त्यांना नोबेल मिळालं आणि ते चक्र आज आमच्या अकरावीच्या पोरांच्या बोकांडी बसलंय. नकाराच्या पत्रात काही सूचना असतील तर त्या दुरुस्त करूनच पुढच्या ठिकाणी पाठवा. रिव्ह्यूअर मंडळी थोडकी असतात. तोच माणूस दुसऱ्या नियतकालिकासाठी पुन्हा तुमचाच पेपर उघडू शकतो, आणि त्याला आपले चुकलेले मुद्दे पाठ असतात.

स्वीकारल्यानंतर छापण्याआधी तपासायची मुद्रितं (प्रुफं) येतात तेव्हा बहुधा 48 तासच असतात. आधी नावं आणि संस्था वाचा, मग तक्त्यांतले आकडे, मग शास्त्रीय नावं तिरप्या अक्षरांत आहेत का ते. माझ्या मुद्रितात 'सडा' ह्या शब्दाचं कुणीतरी आपणहून 'सोडा' केलं होतं, अकरा ठिकाणी. आकृती 2 मात्र होती. ती मी सगळ्यात आधी बघितली.

काल ती मुलगी पुन्हा आली. पंधराशेवाल्यांच्या मेलला तिने उत्तर दिलेलं नाही. पुरवणीच्या मागच्या बाजूला तीन नियतकालिकांची नावं आणि पुढे काड्या मारून आणल्या होत्या. तिसरं तोतया निघालं, ते तिने स्वतःच शोधून काढलं होतं. दुसरं मला बरं वाटतंय. शीर्षकात 'एक अभ्यास' अजून आहे.